जमीन आईची, सही मामाची

मागच्या अंकात प्रवासाच्या पानावर इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या सिजुंजुंग गावाबद्दल चार ओळी छापल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ७६ जुनी लाकडी घरं आणि सगळी घरं आईकडून मुलीकडे जाणारी, एवढाच मजकूर होता. त्यावर एवढे प्रश्न आलेत की म्हटलं यावेळचा कॉलम सगळा त्यालाच देऊन टाकू. मी नोकरीनिमित्त तिथल्या पादांग शहरात राहायचो तेव्हा त्या भागात जाणंयेणं होतं, त्यामुळे जे बघितलंय आणि जे कायद्यात आहे तेवढंच सांगतो. पत्रं थोडी कापली आहेत, रागावू नका.

हे गाव नक्की आहे कुठे? मॅपवर शोधलं तर सगळीकडे बालीच येतं. (एक वाचक, नाशिक)

बालीपासून लांब आहे हो, पार दुसऱ्या टोकाला. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर पादांग शहर आहे, तिथून आत डोंगर चढून सोलोकवरून पुढे साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलं की सिजुंजुंग जिल्हा लागतो, समुद्र बिमुद्र काही नाही, भातखाचरं, रबराच्या बागा, मधून वाहणारी नदी. इथले लोक मिनांगकाबाऊ. गावाला ते नगरी म्हणतात आणि नगरीच्या आतल्या वाड्यांना जोरोंग. ही जी ७६ घरं आहेत ती पादांग रानाह आणि तानाह बातो या दोन जोरोंगांत आहेत. २०१५ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव आहे, पण अजून तरी गर्दी नाही, टूरिस्ट आले तर पोरं अजून वळून बघतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. १९७९ च्या कायद्याने सरकारने देशभर सगळ्या गावांना एकाच साच्यात बसवलं, जावा बेटासारखी 'देसा' म्हणजे गावाची पद्धत सगळ्यांना, आणि इथल्या नगऱ्या मोडून तुकडे केले. २००० साली प्रांताने नियम करून नगरी परत आणली. मधल्या वीसेक वर्षांत पंचांचं वजन कमी झालं, आणि जमिनीची बरीच भांडणं आहेत ती त्या काळात रुजलेली आहेत असं गावातले म्हातारे सांगतात, मला ते पटतं.

जमीन बायकांची म्हणजे तिथं बायकांचं राज्य आहे का? आमच्याकडे २००५ नंतर कायद्याने मुलींना हिस्सा आला तरी भाऊ हक्कसोडपत्रावर सही घ्यायला पेढे घेऊन येतो, म्हणून विचारते. (एक वाचक ताई, सांगली)

ताई, पेढ्यांचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण राज्य वगैरे शब्द जपून वापरू, कारण तिथला कारभार जरा गुंतागुंतीचा आहे.

आधी मालकी बघा. तिथं वडिलोपार्जित नाही, 'आईपार्जित' म्हणावं लागेल अशी जमीन असते, तिला पुसाको तिंगी म्हणतात. खापरपणजीकडून पणजीला, पणजीकडून आजीला, तिच्याकडून आईला आणि मग मुलींना. ही जमीन एका बाईची नसते, एका आजीच्या पोटची जेवढी माणसं आहेत त्या सगळ्या कुळाची असते, त्या कुळाला काउम म्हणतात. वाटणी करून तुकडे करायचे नाहीत, फक्त कसायला द्यायची, म्हणजे हे खाचर थोरलीने कसायचं, ते धाकटीने, नारळाची झाडं मधलीने. थोरली गेली की तिच्या मुली कसणार. मुली नसल्या तर? तर ते खाचर परत काउममध्ये येतं आणि बहिणींच्या मुलींकडे जातं, मुलग्याच्या बायकोकडे जात नाही, कधीच नाही.

आता सही. काउमच्या बायकांचा जो मोठा भाऊ किंवा मामा असतो, ज्याला मामाक म्हणतात, तो बाहेरच्या जगाशी बोलणार. पंचायतीत बसणार, लग्नाची बोलणी करणार, कागदावर सही करणार. पण त्याला स्वतःला त्या जमिनीतला दाणा विकायचा अधिकार नाही, सगळ्या बायकांना विचारल्याशिवाय तो काही करू शकत नाही. म्हणजे बाईकडे मालकी आणि मामाकडे कारभार. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मामा चांगला असेल तर सगळं चांगलं, आणि मामा कर्जात बुडालेला असेल तर त्याच्या सहीची किंमत सगळ्या भाच्यांना मोजावी लागते. त्यामुळे मी तरी याला बायकांचं राज्य म्हणणार नाही. पण एक सांगतो, नवऱ्याने घराबाहेर काढलं आणि बाई रस्त्यावर आली हे तिथं होऊच शकत नाही, कारण घर तिचंच आहे, निघायचं असेल तर तो निघेल.

घरं बघितली की हे डोळ्यांना दिसतं. त्या लाकडी घराला रुमाह गदांग म्हणतात, छत म्हशीच्या शिंगांसारखं दोन्हीकडे वर वळलेलं, पूर्वी माडाच्या जातीच्या एका झाडाच्या काळ्या तंतूंचं शाकारलेलं असायचं, आता बऱ्याच घरांवर पत्रा आलाय कारण तो तंतू महाग पडतो आणि शाकारणारे कारागीरही उरले नाहीत. आत शिरलात की पुढे सगळा लांबच लांब दिवाणखाना, एकही भिंत नाही, आणि मागच्या बाजूला ओळीने खोल्या, खोल्यांची संख्या विषम. प्रत्येक खोली लग्न झालेल्या एकेका मुलीची. सगळ्यात नवं लग्न जिचं तिला टोकाची खोली, तिच्या पाठच्या बहिणीचं लग्न झालं की ती एक खोली सरकते आणि टोकाची खोली नव्या नवरीला. मी गावात गेलो की ज्या घरात राहायचो तिथल्या आजी खोल्यांकडे बोट करून सांगायच्या की ही माझी होती, मग ही, मग ही, सगळं आयुष्य त्यांनी एका ओळीत सरकून काढलंय. मुलग्यांना खोलीच नाही. वयात येत असलेली पोरं पूर्वी गावातल्या प्रार्थनाघरात, सुराऊत, झोपायला जायची.

मग पुरुषांनी करायचं काय? घरजावई होऊन बसायचं? (एक काका, परभणी)

काका, घरजावई बरा, त्याला निदान चहा तरी मानाने मिळतो! तिथल्या जावयाला सुमांदो म्हणतात आणि त्याच्यासाठी एक जुनी म्हण आहे, तोडलेल्या झाडाच्या खुंटावरची राख, वारा आला की उडाली. पूर्वी नवरा संध्याकाळी बायकोच्या घरी यायचा आणि सकाळी आपल्या आईच्या शेतावर कामाला जायचा. आता तसं राहिलं नाही, नवरा-बायको-मुलं असं चौकोनी कुटुंब सिमेंटच्या घरात राहतं. पण ते सिमेंटचं घर कुठे बांधलेलं असतं? बायकोच्या काउमच्या जमिनीवर. पैसे नवऱ्याचे, जमीन बायकोची. उद्या काडीमोड झाला तर हा बॅग उचलून निघतो, भिंती काय उचलून नेणार. मी असे दोघे-तिघे बघितलेत.

म्हणूनच तिथले पुरुष बाहेर पडतात. याला मेरांताऊ म्हणतात, पोरगा मोठा झाला की त्याने गाव सोडून बाहेर जाऊन कमवून दाखवायचं. इंडोनेशियात कुठल्याही शहरात जा, काचेच्या कपाटात वाट्यांवर वाट्या रचलेलं पादांग जेवणाचं हॉटेल दिसतंच, ती बरीचशी या बाहेर पडलेल्या पोरांची कमाई. जे गावात उरतात ते सकाळी रबराच्या झाडांना चीर द्यायला जातात आणि दुपारनंतर लापाऊत, म्हणजे चहाकॉफीच्या टपरीवर, डॉमिनोच्या सोंगट्या आपटत राजकारण करतात. आपल्याकडच्या पारासारखंच, फक्त कॉफी जास्त.

बाहेर जाऊन कमावलेलं मात्र त्याचं स्वतःचं. याला पुसाको रांदाह म्हणतात, स्वकष्टार्जित समजा. मिनांग लोक कट्टर मुसलमान, आणि इस्लामी वारसाहक्कात मुलाला मुलीच्या दुप्पट हिस्सा, मग आईकडून मुलीकडे जाणाऱ्या जमिनीचं करायचं काय, यावर तिथं शंभर वर्षांच्या वर वाद चालला. १९५२ साली बुकितिंगीला मौलवी, मामाक आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि ठरलं की पुसाको तिंगी रूढीने जाणार, स्वकष्टार्जित शरियतने. त्यामुळे बाप आपल्या कमाईतली शेती किंवा दुकान मुलांना देऊ शकतो, भाच्यांना हरकत घेता येत नाही. पण घोळ कुठे होतो माहितीये, बापाने स्वतःच्या आईच्या काउमच्या जमिनीत रबर लावलं, पैसे आणि कष्ट त्याचे, जमीन भाच्यांची, तो वारला की झाडं कोणाची? हे खटले वर्षानुवर्षं चालतात.

विकायचीच नाही म्हणता, पण अडचण आली तर? मुलीचं लग्न, आजारपण? (एक वाचक, बारामती)

विकत नाहीत, गहाण टाकतात. आणि तेही मनाला येईल तेव्हा नाही. रूढीने चारच कारणं मान्य आहेत: घरात मयत पडलंय आणि अंत्यविधीला पैसा नाही, वयात आलेली मुलगी लग्नाची राहिलीय, रुमाह गदांग गळतंय, किंवा कुळाच्या प्रमुखाची रिकामी गादी भरायचीय (तो समारंभ म्हणजे म्हैस कापून गावजेवण, खर्चाचं काम). आजारपण, कॉलेजची फी ही कारणं यादीत नाहीत, पण आता लोक सर्रास त्यासाठीही टाकतात, फक्त बोलताना म्हणतात छप्पर गळत होतं.

हे आपल्या ताबेगहाणासारखं आहे, पैसे देणारा जमीन कसतो आणि पीक खातो, व्याज नाही, मुद्दल परत दिलं की जमीन परत. पण गंमत अशी की मुद्दल रुपियात, म्हणजे तिथल्या चलनात नाही, सोन्यात लिहितात. एक अमेह म्हणजे अडीच ग्रॅम. दहा अमेहला खाचर टाकलं तर पंचवीस ग्रॅम सोनंच परत द्यायचं, भाव काहीही असो. एक कागद मला बघायला मिळाला होता, शाळेच्या वहीचं फाडलेलं पान, त्यावर सरकारी तिकीट चिकटवलेलं, आणि मजकूर फक्त सात-आठ ओळी, कुठलं खाचर, चारी बाजूंना कोण, किती अमेह, कोणासमोर. खाली मामाकची सही आणि बायकांचे अंगठे. सोन्याचा भाव गेल्या काही वर्षांत कुठल्या कुठे गेलाय, त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी टाकलेली खाचरं सोडवणं आता नातींच्या आवाक्याबाहेर गेलंय.

खरं तर १९६० चा एक राष्ट्रीय कायदा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की शेतजमीन सात वर्षं किंवा जास्त गहाण राहिली तर एक पैसा न घेता मालकाला परत करायची, कारण तेवढ्या पिकात मुद्दल वसूल झालेलं असतं. मी आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, फुकट कशी घेणार, ज्याने अडचणीला सोनं दिलं त्याच्या घरासमोरून रोज जायचंय मला. कायदा साठ वर्षांहून जुना झाला तरी तिथं फारसं कोणी वापरत नाही.

तिथं सातबाऱ्यासारखा काही कागद असतो का? (एक निवृत्त तलाठी, अमरावती)

साहेब, तुम्हीच हे विचारणार! थोडक्यात सांगतो. सरकारचं भूमी कार्यालय सर्टिफिकेट देतं, मालकी हक्काचं, ते पक्कं. दरवर्षी घराजमिनीच्या टॅक्सची चिठ्ठी येते, ती मालकीचा पुरावा नाही पण लोक पुराव्यासारखी जपून ठेवतात. आणि काउमचा खरा कागद म्हणजे रांजी, वंशावळ, फक्त आईच्या बाजूने लिहिलेली. त्यावर काउमच्या लोकांच्या सह्या, मामाकची सही आणि नगरीच्या रूढी-पंचायतीचा शिक्का. रांजीत नाव नाही तर जमिनीत पाय नाही, म्हणून खोट्या रांज्याही निघतात, तुम्हाला काही वेगळं सांगायला नको.

२०१७ पासून सरकारने देशभर गावंच्या गावं मोजून सर्टिफिकेट वाटायची मोहीम घेतली. जावात त्याचं स्वागत झालं. इथं मात्र म्हातारे कुरकुरतात आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. सर्टिफिकेटवर काउमच्या वतीने एकाचं नाव लागतं, आज सगळ्यांना ठाऊक असतं की तो फक्त प्रतिनिधी आहे, पण त्याची मुलं उद्या म्हणणार बापाच्या नावावर आहे म्हणजे आमची. शिवाय सर्टिफिकेट आलं की बँक कर्ज देते, आणि कर्ज थकलं की बँक लिलाव करते, म्हणजे जी जमीन विकायचीच नाही ती मागच्या दाराने विकली जाते. उलट बाजूने तरुण पोरी म्हणतात की कागद नसेल तर उद्या खाणवाला किंवा बागवाला येऊन मामाला गाठेल. जिल्ह्यात नदीकाठाला चोरून सोनं काढणारे आहेतच, खाचरं उकरून दगडगोटे करून ठेवतात. म्हणजे दोघांची भीती खरी आहे.

माझा मुलगा जकार्तात आयटीत आहे. त्याचा ऑफिसातला मित्र म्हणतो गावात स्वस्तात दोन एकर घेऊ, माझ्या नावावर ठेवू, मागून करार करू. घ्यावी का? (एक आई, पुणे)

नको. वहिनी, सरळ सांगतो, हा करार म्हणजे पैसे नदीत टाकणं आहे. १९६० च्या मूळ जमीन कायद्याप्रमाणे (वरचा गहाणाचा कायदा वेगळा) पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाने दुसऱ्याचं नाव लावून घेतली तर कलम २६ सांगतं की व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मित्र कितीही चांगला असो, उद्या त्याची नियत फिरली तर कोर्टात तुमचा मुलगा तोंड उघडू शकत नाही.

परदेशी माणसाला रहिवासी परवाना असेल तर राहण्यासाठी वापरहक्काचं घर घेता येतं, २०२१ च्या नियमाने ३० वर्षं, मग २०, मग ३०, पण त्याला प्रांतागणिक किमान किमतीची अट आहे आणि ते शहरातल्या घरांसाठी ठीक, भातखाचरासाठी नाही. आणखी एक, १९६१ चा नियम असा की शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, म्हणजे तो जकार्ताचा मित्रसुद्धा नियमाने बसत नाही. आणि या सगळ्याच्या वर, सिजुंजुंगसारख्या गावात जी 'स्वस्त' जमीन दाखवतात ती बहुतेक पुसाको तिंगीच असते, एकाने विकली तरी बाकीच्या पंधरा बहिणी उभ्या राहणार. मुलाला सांगा म्युच्युअल फंड घे.

मुलाचं तिथल्या मुलीशी जमलंय. (नाव-गाव छापू नका म्हणालात, छापत नाही.)

अभिनंदन आधी! आता तीन गोष्टी. धर्माचा प्रश्न टाळता येणार नाही, तिथला विवाह कायदा धर्मावर चालतो आणि २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टांना आंतरधर्मीय लग्नं नोंदवायला परवानगी देऊ नका असं परिपत्रक काढलंय, त्यामुळे मुलाने आणि तुम्ही याबद्दल उघड बोलून घ्या, मुलीला कोड्यात ठेवू नका. दुसरं, लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करा, नाहीतर परदेशी नवऱ्यामुळे तिला स्वतःच्या नावावर नवीन जमीन घेताना अडचण येते. २०१६ मध्ये घटना न्यायालयाचा निकाल आला त्यानंतर लग्न झाल्यावरही असा करार करता येतो, पण आधी केलेला बरा. तिसरं, नातवंडं तिच्या कुळाची असणार, घर-खाचरातला त्यांचा वाटा पक्का. तुमचं आडनाव लावतील, पण मामा कोण हा प्रश्न गावात आधी विचारला जाईल.

हेच उलटं असतं, म्हणजे मुलगा तिथला आणि सून मराठी, तर जास्त अवघड होतं, कारण आईला कुळ नाही म्हणून मुलांनाही नाही. त्यावर उपाय आहे, बाहेरच्या माणसाला एखाद्या सुकूत, म्हणजे काउमहून मोठ्या कुळात, रीतसर सामावून घेतात, जेवण घालावं लागतं, पंचांचा मान ठेवावा लागतो. नाव मिळतं, मामा मिळतो, कसायला जमीन मिळेलच असं नाही.

तिथं जाऊन राहायचं असेल तर? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

क्वालालंपूरवरून पादांगला विमान, पुढे शेअर गाडी, तीन-चार तास, मध्ये सितिंजाऊ लाउइकचा घाट आहे, तिथं ट्रक उलटे लोळत येतायत असं वाटतं, पुढच्या सीटवर बसू नका. भारतीयांना उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, आकडा बघून दचकू नका, आपले तीन हजारांच्या आसपास होतात. काही रुमाह गदांगमध्येच होमस्टे आहेत, खाली गादी घालून पुढच्या दिवाणखान्यात झोपायचं. शाकाहारी असाल तर आधी सांगा आणि दोनदा सांगा, कारण सुक्या माशाला ते भाजीतच धरतात. भात कापणी किंवा लावणीच्या दिवसांत गेलात तर बातोबोह बघायला मिळेल, बायकांचे गट आळीपाळीने एकमेकींच्या खाचरात उतरतात, आज हिचं, उद्या तिचं, मजुरी कोणी कोणाला देत नाही, त्या दिवशीचं जेवण मात्र मालकिणीकडे. तुम्हालाही हाताला धरून चिखलात उतरवतील. सोबत न्यायला महागडं काही नको, चहापत्ती न्या, आणि घरात शिरताना पहिला नमस्कार यजमानाला नाही, सगळ्यात म्हाताऱ्या बाईला.